उसातली बछडी

ऊसतोड सुरू झाली की जुन्नर भागात फडात बिबट्याची बछडी सापडतात. मांजराच्या पिल्लांसारखी, कधी तर डोळेही न उघडलेली. घरी न्यावं, दूध पाजावं असं वाटतं. तेवढं कृपा करून करू नका. गाईचं दूध त्यांना बाधतं, आणि आई बहुधा जवळच असते. पिल्लं दिसली नाहीत की ती बिथरते. तोड थांबवा, मागे सरा, वनखात्याला १९२६ वर कळवा. तपासणीनंतर बछडी संध्याकाळी क्रेटमध्ये घालून सापडली तिथंच ठेवतात. अंधारात मादी येते, हुंगते, पंजानं क्रेट कलंडवते आणि मानेला धरून एकेक पिल्लू उचलते. माणसाचा हात लागला म्हणून ती त्यांना टाकत नाही. पहिल्या रात्री आली नाही, तर दुसऱ्या रात्री क्रेट पुन्हा तिथंच ठेवतात.