अब्बांचे मशीन आणि आमचा इन्व्हर्टर

वीज गेली की पूर्वी आमच्या घरात मेणबत्ती शोधली जाई. गेल्या वर्षापासून सगळे आधी अब्बांच्या खोलीकडे धावतात. फुप्फुसाच्या जुन्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावायला सांगितले आहे. हे मशीन खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करते. वीज गेली की ते बंद. आणि आम्ही राहतो श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कित्येक गावांनी पुढचे कित्येक दिवस अंधारात काढले होते.

दुकानात पाऊल ठेवताच प्रश्न आला, "किती व्हीएचा देऊ?" आकडा मोठा तितके तास जास्त, असा आमचा समज होता. तो साफ चुकीचा निघाला. इन्व्हर्टर एका वेळी किती भार उचलेल हे व्हीए सांगतो. किती तास चालेल हे बॅटरी ठरवते. शिवाय व्हीए म्हणजे वॅट नव्हेत. ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर साधारण ७०० वॅटच धरावेत.

घरी येऊन कागद-पेन घेतले. अब्बांच्या मशीनवर ३५० वॅट लिहिले होते. दोन एलईडी दिवे १८, जुना पंखा ७५. एकूण ४४३. भाभींनी फ्रीजही लिहायला लावला, कारण बकरी ईद जवळ आली होती आणि मटणाची काळजी त्यांनाच. थोडी वादावादी झाली. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. दार उघडले नाही तर फ्रीज चारेक तास थंड राहतो. फ्रीज खोडला. भाभी दोन दिवस रुसल्या, हे वेगळे.

आता बॅटरी. १२ व्होल्ट आणि १५० एएच यांचा गुणाकार १८०० होतो, पण तेवढे हाती येत नाही. ॲसिडची बॅटरी तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते, आणि थोडी वीज इन्व्हर्टरमध्येच खर्च होते. बाराशेच धरले. म्हणजे ४४३ वॅटला पावणेतीन तासही नाहीत! जुना पंखा काढून तीस वॅटचा बीएलडीसी लावला, तेव्हा भार चारशेच्या आत आला. मग २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या घेतल्या. हिशेबाने सहा तास. लिथियम बॅटरी हलकी असते, लवकर चार्ज होते, पाणी घालावे लागत नाही. पण तिची किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती.

एका बाबतीत मात्र पैसे वाचवले नाहीत. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटर घरघरते, तापते. अशा मशीनसाठी प्युअर साइन वेव्हच हवा. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतले. चार्ज होताना ॲसिडच्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून बॅटऱ्या पडवीत ठेवल्या, चुलीपासून लांब. डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहण्याचे काम धाकट्याकडे. वॉरंटी कार्डावर किती महिने बॅटरी पूर्ण बदलून मिळेल आणि किती महिने फक्त सूट मिळेल, हे वेगवेगळे लिहिलेले असते. ते दुकानातच वाचावे.

एवढे करूनही आमचा जीव बॅटरीवर टाकलेला नाही. रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. वीज तासभर येऊन पुन्हा गेली तर उपयोग काय? म्हणून दीड हजार लिटरचा ऑक्सिजन सिलिंडर खोलीच्या कोपऱ्यात साखळीने बांधून ठेवला आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मिनिटाला दोन लिटर गतीने तो बारा तास पुरतो, आणि त्याला वीज लागत नाही.

पाऊस सुरू होण्याआधी एका रविवारी दिवसाउजेडी मेन स्विच बंद करून पाहिला. सिलिंडर जोडून तयार होता. अब्बा मशीन लावून पेपर वाचत बसले, आम्ही घड्याळ पाहत. पाच तास चाळीस मिनिटांनी इन्व्हर्टरने शिट्टी दिली. "तुमच्या हिशेबात वीस मिनिटं कमी पडली," अब्बा म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.