एका जमिनीचे दोन कागद

पौडच्या तहसील कचेरीच्या आवारात मुळशीचा एखादा खातेदार संगणकावर छापलेला सातबारा आणि आठ-अ शेजारीशेजारी धरून उभा असतो, तेव्हा तेच नाव व तेच क्षेत्र दोन कागदांवर निरनिराळ्या क्रमाने कसे अवतरले, असे कुतूहल त्याच्या मनात उद्भवणे स्वाभाविकच आहे. त्यासाठी माहिती दोनदा लिहावी लागत नाही. मांडणी तेवढी दोनदा करावी लागते.

१९९२ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या माहितीसाठ्याच्या (डेटाबेस) प्रणालीत अहवाल रचणारा मनुष्य संपूर्ण पान रेखाटीत नाही. कापडावर ठसे उठविणाऱ्या रंगाऱ्याप्रमाणे तो केवळ काही आडवे पट्टे कोरून ठेवतो. तपशिलाचा पट्टा प्रत्येक नोंदीस एकदा उमटतो, पृष्ठशीर्षाचा दर पानावर, आणि गटशीर्षाचा मात्र गट बदलेल तेव्हाच. भूमापन क्रमांकावर गट पाडला की सातबाऱ्यासारखा कागद होतो, खात्यावर पाडला की आठ-अ सारखा. क्रम आपणहून न लावणाऱ्या प्रणालीत नोंदी आधी क्रमवार लावल्या नाहीत, तर यंत्र भाबडेपणाने तेच शीर्षक पुनःपुन्हा छापते. गटाअखेरची बेरीज ते स्मरणात वाहत आणते.

खरी कसोटी सामाईक खात्याची. नावांचा चौकोन गरजेनुसार खाली वाढू दिला नाही, तर चाळीस हिस्सेदारांपैकी दहाबारा कागदावरून बेदखल होतात, आणि तेही कोणत्याही फेरफाराविना! ‘पृष्ठ ४ पैकी १’ या साध्या मजकुरासाठी तर यंत्रास सगळा दस्तऐवज आधी मनातल्या मनात जुळवून पाहावा लागतो. शेवटचे पान कोणते, हे त्याखेरीज त्याला उमगत नाही.