तरंगते घर कोणाच्या पाण्यावर?

बेटावर माणसे मावेनाशी झाली की आता वास्तुविशारद सांगतात, घरे पाण्यावर बांधा. कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ सांताक्रूझ देल इस्लोते नावाचे बेट आहे. जागा एक-दीड हेक्टर, आणि त्यावर शेकडो माणसे भिंतीला भिंत लावून राहतात. मालदीवने तर २०२१ साली तरंगते शहरच जाहीर केले. हॉलंडमध्ये मास नदीकाठी मासबोमेल येथे २००५ पासून अशी घरे आहेत, जी एरवी जमिनीवर बसतात आणि पूर आला की खांबांच्या आधाराने वर उचलली जातात. कल्पना हसण्यावारी नेण्याजोगी नाही. परंतु कोणतीही योजना आमच्या हाती आली की आम्हाला वकिली सवयीने आधी तिचा सातबारा पाहावासा वाटतो. म्हणून हेच तरंगते घर आपण भंडारदऱ्याच्या पाण्यात उतरवून पाहू.

भंडारदऱ्यात बेट कुठे आहे, असे कोणी विचारील. नकाशात नाही हे खरे. परंतु शेंडीहून पुढे मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे, उडदावणे, मुरशेत असा तलावाला वळसा घालून या, म्हणजे बेट दिसेल. एका बाजूला धरणाचे पाणी, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीचा कडा, आणि उरलेल्या बाजूंनी वनखात्याची हद्द. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले आणि येथील गावे त्यात गेली. महादेव कोळी आणि इतर आदिवासींची कुटुंबे वाढली, बापाच्या घराची तीन घरे झाली, पण गावठाणाची रेघ आहे तिथेच आहे. रेघेबाहेर कुडाची भिंत उभी केली तर तो अतिक्रमणाचा गुन्हा! चहूबाजूंनी पाणी असते तेच बेट, असे भूगोलाचे पुस्तक सांगते. कायद्यानेही बेटे तयार होतात, हे त्या पुस्तकात नाही.

हे बेट कोणी केले? प्रवरेवरच्या या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरणाला नाव विल्सनचे, तलावाला आर्थरचे. ज्यांची भातखाचरे बुडाली त्यांचे नाव कशालाच नाही. तेव्हा लागू होता १८९४ चा भूसंपादन कायदा. त्यात पैशाच्या भरपाईची तरतूद होती. माणसाला दुसरीकडे वसवण्याचे, जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे बंधन सरकारवर नव्हते. पाणी कालव्यांनी खाली गेले, ऊस उभा राहिला, आणि त्याच प्रवरेच्या खोऱ्यात पुढे आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. वर ज्यांनी पाणी साठवायला जागा दिली ते काठावर बसून वरई-नाचणी पिकवत राहिले आणि हिरडा गोळा करत राहिले. विल्सनसाहेबांनी उद्घाटन केल्यावर चार महिन्यांच्या आत, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. महाडला प्रश्न होता पाणी पिण्याचा. भंडारदऱ्यात माणूस पाणी पिऊ शकत होता. ते कोणासाठी अडवायचे आणि कोणाला सोडायचे, हे ठरवण्यात मात्र त्याला जागा नव्हती. दोन्ही प्रश्न एकाच जातीचे आहेत, असे आमचे मत आहे.

आता घर. मासबोमेलची घरे खांबांवर साधारण साडेपाच मीटर वर-खाली होतात. विल्सन धरणाची उंची ८२ मीटर. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरतो आणि आवर्तने सुटत गेली की उन्हाळ्यापर्यंत पाणी इतके उतरते की काठाची गाळपेर जमीन उघडी पडते. ऑगस्टमध्ये दाराशी लागलेले घर मे महिन्यात चिखलावर तिरके बसणार किंवा पाण्यामागोमाग खाली जाणार. मग पोरांनी शाळेत जायचे ते चिखलाचा उतार चढून. घाटघरला तर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. त्या पावसात आणि घाटावरून येणाऱ्या वाऱ्यात पिंपांवर बांधलेला तराफा धरून ठेवायला किती दोर आणि किती नांगर लागतील? शौचालयाचे काय? खालचे तालुके तेच पाणी पितात. बैल कुठे बांधायचे, कणगी कुठे ठेवायची, राब कुठे भाजायची? घर म्हणजे चार भिंती आणि छप्पर, हा शहरातल्या फ्लॅटवाल्याचा हिशेब. डोंगरातल्या घराला गोठा लागतो, अंगण लागते, मागे परसू लागते.

तरीही समजा, एखाद्या हुशार अभियंत्याने हे सगळे सोडवले. नायजेरियात लागोसच्या माकोको वस्तीत २०१३ साली पिंपांवर तरंगणारी शाळा उभी राहिली, जगभर तिची छायाचित्रे छापून आली. २०१६ च्या वादळात ती कोसळली. शाळा पुन्हा बांधता येते. पण त्याच माकोकोत २०१२ साली सरकारने लोकांची घरे पाडली होती, कारण पाण्यावर राहणाऱ्यांच्या हाती जागेचा कागद नव्हता.

लांब कशाला, मणिपूरचे लोकटक सरोवर घ्या. १९८३ साली इथाई बंधारा झाला, वीज प्रकल्पासाठी पाणी चढते ठेवले गेले, काठची शेते बुडाली. शेती गेलेली कितीतरी माणसे तरंगत्या गवताच्या थरांवर, म्हणजे ‘फुमदी’वर, झोपड्या बांधून मासेमारी करू लागली. ही खरी तरंगती घरे. कोणा वास्तुविशारदाने काढलेली नव्हेत, लोकांनीच घडवलेली. पुढे २००६ साली सरोवर संरक्षणाचा कायदा आला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये शेकडो झोपड्या जाळण्यात आल्या. ज्यांना धरणाने पाण्यावर ढकलले, त्यांनाच कायद्याने पाण्यावरचे अतिक्रमक ठरवले! पाण्याला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये तराफ्याला रकाना नसतो. घरकुलाचा अर्ज भरताना पहिला प्रश्न जागेचा येतो. तरंगत्या घरात राहणारा त्या जागी काय लिहील? खाते जलसंपदाचे, मासे ठेकेदाराचे, आणि राहणारा ‘विनापरवाना’.

आणि परवाना कोणाला मिळतो, तेही पाहा. कोयनेच्या शिवसागरात २०२४ साली मुनावळे येथे जलपर्यटन केंद्र सुरू झाले. कोयनेचे धरणग्रस्त पुनर्वसनासाठी साठ वर्षांहून अधिक काळ झगडत आहेत. भंडारदऱ्याच्या काठावर काजव्यांच्या दिवसांत पर्यटकांचे तंबू पडतात. उद्या तरंगत्या घरांचा आराखडा मंजूर झालाच, तर त्यात आदिवासीचे बिऱ्हाड नसेल, मुंबई-पुण्याचा पाहुणा असेल आणि आदिवासी पोरगा त्याचे सामान उचलत असेल, अशी आम्हाला रास्त शंका येते.

म्हणून तरंगते काहीच नको, असे आम्ही म्हणत नाही. सरदार सरोवराचे पाणी चढल्यावर नंदुरबारमधले काही पाडे खरोखरच पाण्याने वेढले गेले. तिथे नावेतून दवाखाना चालला. २०२० मध्ये एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवून बाळांपर्यंत पोचत होती. अशा ठिकाणी पाण्याबरोबर वर-खाली होणारा धक्का, सुरक्षित बोट, रात्रीची बोट-रुग्णवाहिका हवीच. शेंडी ते रतनवाडी मार्गावरही हवी. पण घर जमिनीवरच हवे, आणि त्यासाठीचा कायदा आज हातात आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून वनहक्क कायद्यात बदल केला, तो अनुसूचित क्षेत्रातील आदिवासी व इतर वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घरासाठी जागा देता यावी म्हणूनच. अकोल्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. किती ग्रामसभांना ही अधिसूचना कोणी वाचून दाखवली आहे? याखेरीज वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये पाण्यातील माशांवरचा सामूहिक हक्क आहे. कलम ३(१)(ड) मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतील ‘एम’ खंडात, १३ डिसेंबर २००५ पूर्वी पुनर्वसनाविना वनजमिनीवरून हटवलेल्यांना पर्यायी जमिनीचा हक्क आहे. ते शंभर वर्षे मागे नेता येईल का, यावर सरकारी वकील वाद घालतील. घालू द्या, वाद उभा राहिला तरी जुने कागद बाहेर येतील.

कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेआधी एवढे करावे: जागा नसलेल्या कुटुंबांची घरवार यादी, गावठाणाचा नकाशा आणि लगतच्या वनजमिनीचे गट क्रमांक तयार ठेवावेत. धरणाच्या वेळच्या भूसंपादनाच्या निवाड्यांच्या आणि कमी-जास्त पत्रकांच्या नकला जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून माहिती अधिकारात मागवाव्यात. नक्कल नाही म्हणाले तर ‘नाही’ हे लेखी घ्यावे. ठराव मराठीत, सह्या-अंगठ्यांसह, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.