पंप मोठा, तरी धार बारीक: पाण्याच्या दाबाचे गैरसमज

चेंबूरमध्ये टिळकनगर, सुभाषनगर अशा म्हाडा वसाहतींतल्या बैठ्या चणीच्या इमारती जाऊन टॉवर उभे राहू लागले आणि सोसायट्यांच्या सभांमध्ये एक तक्रार कायमची झाली: वरच्या मजल्यांवर पाण्याला जोर नाही. उपाय बहुधा एकच सुचतो, जास्त एचपीचा पंप. मोठा पंप म्हणजे जास्त दाब, हा पहिला गैरसमज. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब उंचीच्या फरकातून येतो. दर १० मीटरला साधारण १ बार. टाकीखाली चार मीटरवर राहणाऱ्याला ०.४ बारच मिळणार आणि वीस मजले खाली सहा बारच्या आसपास. म्हणून वरच्या काही मजल्यांना प्रेशर पंप लागतो आणि खालच्यांना दाब कमी करणारा व्हॉल्व्ह. एचपी हा आकडा पाण्याचे प्रमाण आणि दाब या दोहोंच्या गुणाकारावर ठरतो. त्यामुळे जादा एचपीचा पंप तेवढ्याच दाबाने नुसते जास्त पाणी देणाराही असू शकतो.

पंपाशेजारची प्रेशर टाकी पाणी साठवण्यासाठी असते, हा दुसरा गैरसमज. तिचे खरे काम दाब टिकवण्याचे. आत रबरी पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी असते. दाबलेली हवा पाण्याला ढकलते. पंप २ बारला सुरू आणि ३ बारला बंद होत असेल, तर १०० लिटरच्या टाकीतून पंप बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत जेमतेम २० लिटर पाणी मिळते. हवा निघून गेली की तेवढेही मिळत नाही आणि पंप सतत चालू-बंद होतो. दोष हवेचा असतो, बदलला जातो पंप. पाणी फिरवणे आणि दाब टिकवणे ही दोन कामे वेगळी आहेत, हे युरोपातल्या शहरभर घरे गरम ठेवणाऱ्या यंत्रणांमध्ये ठळकपणे दिसते. तिथे फिरवणारे पंप वेगळे आणि दाब राखणारी यंत्रणा वेगळी. पाणी १२० अंश सेल्सिअसला नेले, तर त्याची वाफ होऊ नये म्हणून सर्वांत उंच जागीही हवेच्या दाबापेक्षा किमान १ बार जास्त दाब राखावा लागतो. शिवाय तापल्यावर फुगणाऱ्या पाण्याला जागा द्यावी लागते. ही यंत्रणा कमी पडली, तर फिरवणारा पंप कितीही मोठा असून उपयोग नाही.

तिसरा गैरसमज व्हीएफडीचा, म्हणजे पंपाच्या मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाचा: तो बसवला की वीजबिल निम्मे. वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्मी लागते, हे गणित बरोबर आहे. पण फक्त पाइपातल्या घर्षणाशी झगडणाऱ्या पंपासाठी. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणाऱ्या पंपाला उंची सुटत नाही. वेग फार घटवला तर पाणी वर पोहोचतच नाही. व्हीएफडीचा फायदा मागणी सतत बदलते तिथे, म्हणजे वरच्या मजल्यांच्या प्रेशर पंपावर.

पहिल्या मुद्द्यावर आक्षेप असा की, शेजारच्या सोसायटीत मोठा पंप बसवताच तक्रारी थांबल्या. थांबल्याही असतील, जुना पंप खरोखर अपुरा असेल, तर थांबतीलच. पण ते आधी कळू शकते. वरच्या मजल्यावर प्रेशर गेज लावून दोनदा वाचन घ्यावे: रात्री सगळे नळ बंद असताना आणि सकाळच्या गर्दीत. रात्रीही दाब कमी असेल, तर प्रश्न उंचीचा किंवा पंपाच्या सेटिंगचा. रात्री चांगला आणि सकाळी कोसळत असेल, तर अरुंद किंवा गंजलेला पाइप, तुंबलेली जाळी, नाहीतर खरोखर अपुरा पंप. पालिकेच्या लाइनलाच पंप जोडणे हा मात्र उपाय नव्हे. ते बेकायदा आहेच; शिवाय ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या लाइनमध्ये ओढ निर्माण झाली, की गळक्या सांध्यांतून बाहेरचे सांडपाणी आत शिरू शकते. म्हणून कमिटीने कोटेशन मागवताना एचपी लिहू नये; कोणत्या मजल्यावर, मिनिटाला किती लिटर, किती बारने, एवढे लिहावे.