पंडितांची आणेवारी

चावडीत बसून लिहिलेली आणेवारी कशी असते, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. अमेरिकेत २०१६ साली पंडितांनी अशीच आणेवारी केली. अध्यक्षपदी हिलरी क्लिंटन येणार हे बहुतेकांनी गृहीत धरिले होते. प्रस्थापितांवर तोंडसुख घेणारे डोनाल्ड ट्रम्प निवडून येताच त्यांपैकी कित्येकांनी खेड्यांतील मतदारांस अडाणी व वर्णद्वेषी ठरविले. द्वेष मुळीच नव्हता असे आम्ही म्हणत नाही. परंतु आयोवा राज्यातील हॉवर्ड परगणा पाहावा. मका-सोयाबीनच्या या मुलखाने २०१२ साली कृष्णवर्णी बराक ओबामांस आणि चार वर्षांनी ट्रम्प यांस, दोन्ही खेपेस शेकडा २० हून अधिक मतांच्या फरकाने कौल दिला. माणसे बव्हंशी तीच, शेतेही तीच. मध्यंतरी मक्याचा भाव मात्र निम्म्यावर आला होता. पंडितांनी प्रथम तिकडे पाहावयास हवे होते. शेजारचे विस्कॉन्सिन दूधदुभत्याचे राज्य. उमेदवारी पदरात पडल्यावर क्लिंटनबाई तेथे प्रचारास एकदाही गेल्या नाहीत, आणि सुमारे २३ हजार मतांनी ते राज्य हातचे गेले. १९८४ नंतर तेथे रिपब्लिकन पक्षाचा हा पहिलाच विजय होता.