बारीकसारीक गोष्टींचा जाच

दिल्लीच्या राजीव चौक मेट्रो स्थानकातील कोलाहल जो निमूटपणे सोसतो, त्यालाच कचेरीतील घड्याळाची मंद टिकटिक किंवा सदऱ्याच्या कॉलरला शिवलेली कापडी चिठ्ठी असह्य व्हावी, हे विलक्षण वाटते. ‘टुरेट’ विकाराच्या प्रौढ रुग्णांत मात्र असे आढळते. १८८५ मध्ये फ्रेंच वैद्य जिल द ला टुरेट यांनी वर्णिलेला हा विकार आपणांस अनावर आचके आणि आवाज यांवरूनच ठाऊक असतो. २०११ मधील एका अमेरिकन संशोधनात बहुतेक रुग्णांनी मंद, अखंड संवेदनांचा जाच सांगितला. स्पर्श व गंध यांच्या चाचण्यांत मात्र ते इतरांसारखेच ठरले. तेव्हा दोष ज्ञानेंद्रियांचा नव्हे. निरर्थक संवेदना बाजूस सारण्याचे मेंदूचे काम तेथे अपुरे पडत असावे. म्हणून असा सहकारी ‘ते घड्याळ हलवाल का?’ म्हणाला, तर त्याला हट्टी न समजता घड्याळ हलवावे.