रात्री दोन वाजता कोण उठणार?

नांदेडच्या दवाखान्यातून लकव्याच्या रुग्णाला सुट्टी मिळते तेव्हा डॉक्टर सांगतात, "आता घरीच सांभाळा." नाकात नळी, लघवीची पिशवी आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन गाडी पालमला पोचते. सांभाळायचं कोणी, हे वाटेत कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. सून. ती नसेल तर मुलगी, आणि तीही नसेल तर म्हातारी बीवी, जिचे स्वतःचे गुडघे चालत नाहीत.

आपल्याकडे मुलं पुण्याला, हैदराबादला, आखातात कामाला असतात. पैसे पाठवतात, फोन करतात. इयादतीला माणसं येतात, ही आपली दौलतच आहे. पण मगरिबनंतर दहा जण येतात, दुआ करून जातात, आणि दिवसभर दमलेली सून दहा कप चहा करते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाही बदलली तर माकडहाडावर आणि टाचांवर कातडी लाल होते, मग फुटते, आणि जखम हाडापर्यंत जाऊ शकते. लकव्यात गिळणं बिघडलेलं असतं. अशा माणसाला आडवं ठेवून पाणी पाजलं तर ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. डॉक्टरांनी तोंडाने द्यायला सांगितलं असेल तरच, बसवून, घोट घोट द्यायचं आणि नंतर अर्धा तास बसतंच ठेवायचं. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली हवी. रुग्णाला उचलताना ती वर गेली की लघवी उलटी फिरते आणि संसर्गाची भीती असते. हे सगळं शिकून येणारं काम आहे. नुसत्या मायेने ते जमत नाही, आणि एकट्या माणसाला चोवीस तास तर मुळीच जमत नाही.

पुण्या-मुंबईत यासाठी ब्युरोतून घरात राहणारी मावशी किंवा मामा आणतात. आपल्याच भागातल्या बायकाही तिकडे या कामाला जातात. इथे मात्र तोच विषय काढला की घरातले म्हणतात, "सुना असताना बाई ठेवली, लोक काय म्हणतील?" आम्हाला हे पटत नाही. अंगाचं काम जाणत्या हातात गेलं तर मुलगा अब्बांजवळ निवांत बसून बोलू शकतो. सुनेला झोप मिळते. खिदमत त्याने कमी होत नाही. आणि एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगतो. आठवी-नववीतली मुलगी अचानक शाळेत येईनाशी झाली की आम्ही चौकशी करतो. कधी कधी तिच्या घरात अशी एक खाट निघते.

माणूस ठेवताना अब्बांसाठी पुरुष आणि अम्मीसाठी बाई बघावी. आजारी माणसाची शरम मेलेली नसते. पाणी चालत नसेल तर तयम्मुम, उठता येत नसेल तर पडल्या पडल्या इशाऱ्याने नमाज, हे मावशी दुसऱ्या धर्माची असली तरी तिला समजावून सांगता येतं.

खर्चाचं अवघड आहे, हे खरं. सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण घरात ठेवलेल्या माणसाचा पगार त्यात बसत नाही. तो भावंडांनी वाटून घ्यावा. परदेशातल्याने जास्त द्यावा, हा आमचा आगाऊ सल्ला.

आणि ठेवलेल्या बाईलाही रात्र असते. दोनदा-तीनदा उठलेल्या बाईला दुपारी झोपू द्यावं, तेवढा वेळ घरच्यांनी बसावं. पगार, आठवड्याची सुट्टी, कामं हे आधी कागदावर लिहावं. स्वयंपाक, धुणं आणि नातवंडं तिच्या गळ्यात घालू नयेत. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात 2008 पासून कल्याण मंडळाचा कायदा आहे, तिची नोंदणी करून द्यावी.

ज्यांना पगार परवडतच नाही त्यांच्यासाठी केरळकडे बघावं. कोझिकोडला 1993 मध्ये वेदनाशमन शुश्रूषेची संस्था सुरू झाली. पुढे मलप्पुरमसारख्या, मुस्लिम वस्ती मोठी असलेल्या जिल्ह्यात मोहल्ल्या-मोहल्ल्यातून स्वयंसेवक उभे राहिले. आठवड्याला किमान दोन तास देणाऱ्याला 16 तासांचं शिक्षण आणि वर प्रत्यक्ष सराव. डॉक्टर-नर्स पाठीशी असतात आणि घरच्यांना हातभार शेजारचे लावतात. 2008 मध्ये केरळ सरकारने त्याचं धोरणच केलं.

पालमला एवढं लगेच होणार नाही. पण मशिदीत मय्यतीसाठी जनाजा ठेवलेला असतोच. त्याच खोलीत वर-खाली होणारी एक दवाखान्याची खाट, एक चाकाची खुर्ची आणि हवेची एक गादी ठेवता येईल. ज्याला लागेल त्याने न्यावी, काम झालं की धुऊन परत आणावी. गादीचा पंप विजेवर चालतो, आणि आपल्याकडची वीज सगळ्यांना माहीत आहे. लाइट गेली तर हवा उतरते, आणि गादी असली तरी कूस हातानेच बदलायची असते, हे नेणाऱ्याला आधीच सांगून द्यावं.